रोजच्या इंग्रजीतील विशेषणे: आपले अनुभव लिहावेत

गोव्यात पर्यटकांमुळे, नोकरीमुळे किंवा मुलांच्या अभ्यासामुळे आपल्यापैकी अनेकांना रोज इंग्रजी बोलावे लागते. 'नाइस', 'गुड' आणि 'ब्युटिफुल' एवढ्यांवरच भागवायचे नसेल तर काय करावे, याविषयी प्रत्येकाने आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

प्राथमिक शिक्षिका, फोंडा
वर्गातील काही मुले 'बिग्ज हाउसेस' असे लिहितात. त्यांना दोष देता येत नाही, कारण मोठा, मोठी, मोठे अशी रूपे बदलण्याचे वळण त्यांच्या जिभेला घरातच लागलेले असते. मात्र लाल, सुंदर, जाड ही आपलीही विशेषणे लिंगवचनानुसार बदलत नाहीत. म्हणून मी फळ्यावर लाल फूल, लाल गाडी, लाल चिरे असे लिहिते आणि इंग्रजीतील विशेषणे या 'लाल'च्या जातीची आहेत, असे सांगते. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे लवकर उमजते.

पर्यटक मार्गदर्शक, जुने गोवे
बॉम जेझस बॅसिलिकेसमोर उभे राहून 'ब्युटिफुल चर्च' म्हटल्याने पाहुण्यांच्या पदरात काहीच पडत नाही. ते त्यांना दिसतच असते. १६०५ साली पूर्ण झालेल्या या वास्तूला मी 'अ लार्ज ओल्ड रेडिश-ब्राउन लॅटराइट चर्च' म्हणतो. लॅटराइट म्हणजे आपला जांभा दगड. आकार, वय, रंग आणि शेवटी द्रव्य, हा क्रम इंग्रजीत सहसा मोडत नाहीत, आणि स्वतःचे मत सांगायचे झाल्यास ते या सर्वांच्या आधी येते. मग समोरच्या पांढऱ्या से कॅथेड्रलकडे बोट दाखवले, की गिलावा काढलेल्या जांभ्याचा रंग मुद्दाम का सांगितला, ते कळते. बोलताना दोन-तीन विशेषणे पुरेत. वरची चार केवळ उदाहरणापुरती.

परिचारिका, मडगाव
'व्हेरी बॅड पेन' एवढ्याने निदानाला मदत होत नाही. त्यामुळे मी 'शार्प, डल, बर्निंग ऑर थ्रॉबिंग?' असे एकेक विशेषण पुढे ठेवते. छातीवर तळवा दाबून एका पाहुण्याने यांपैकी एकही न निवडता 'टाइट, हेवी' असे उत्तर दिले, तेव्हा पुढचे प्रश्न बाजूला ठेवून आम्ही आधी ईसीजी काढला.

पर्यटकांना खोल्या देणारा, हरमल
जाहिरातीतील 'लक्झुरियस' काढून 'क्लीन, एअरी, ग्राउंड-फ्लोअर रूम' असे लिहिल्यापासून येणाऱ्यांच्या तक्रारी कमी झाल्या. 'क्वाएट' हे विशेषण मात्र मी फक्त पावसाळ्यात ठेवतो, कारण पर्यटनाचा मोसम सुरू झाला की शेजारच्या शॅकमधले, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा उपाहारगृहातले, संगीतही सुरू होते.