बांधलेल्या बोटींजवळून जाताना किती हळू जायचं?

टिलरवाला: इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोट (अरुंद, लांबट बोट) भाड्याने घेऊन फिरणारे आपल्यात बरेच झालेत म्हणून विषय काढतोय. तिथे बहुतेक कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढी. त्यात काठाला बोट बांधलेली दिसली की अजून हळू व्हायचं. एकदोन असतील तर ठीक आहे हो, पण कुठे कुठे मैलभर रांग असते, तिथे इंजिन नुसतं धुगधुगत ठेवून सरपटायचं आणि तरी कोणीतरी खिडकीतून डोकं काढून "स्लो डाऊन" ओरडणारच! माझं मत, बांधणाऱ्याने नीट बांधावं. दोर सैल, खुंटा मऊ मातीत कसातरी ठोकलेला, आणि दोष आमचा?

काठावरची: साफ असहमत. मी बोटीवर राहते, सुट्टीला येत नाही. कालवा अरुंद आणि उथळ, तुमची बोट पुढे सरकली की पुढचं पाणी दोन्ही बाजूंनी मागे धावतं आणि जाताना माझी बोट ओढून नेतं, मग तुम्ही पुढे गेलात की उलट हिसका. तुम्हाला मागे लाट दिसत नाही म्हणून वाटतं काही झालंच नाही. इकडे शेगडीवरचं भांडं सरकलेलं असतं. आणि पाऊस पडून काठ भिजला की कितीही ठोका, खुंटा उपटतोच.

वारा_आडवा: हळू जा म्हणणं सोपंय. सुकाणूला मागच्या पंख्याने (प्रोपेलरने) ढकललेलं पाणी लागतं, इंजिन अगदीच मंद केलं की बोट वळत नाही. तळ सपाट, बाजू म्हणजे लांबलचक पत्र्याची भिंत, आडवा वारा सुटला की ती सरळ तुमच्याच बोटीवर येऊन बसणार. मग काय ओरडाल?

काठावरची: वाऱ्याच्या दिवशी कोणी काही बोलत नाही हो. निवांत दुपारी, एका हातात चहाचा मग, दुसरा हात खिशात, तरी सुसाट जाणाऱ्यांबद्दल बोलतेय.

टिलरवाला: बरं मग रात्रीचं बोला. संध्याकाळी ८ ते सकाळी ८ दुसऱ्या बोटींच्या जवळ इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही असा नियम आहे ना? ओरडणारेच दहा वाजता बॅटऱ्या चार्ज करत बसतात. शिष्टाचार एकतर्फी का?

काठावरची: करतात, चूकच आहे. हिवाळ्यात सोलर पॅनल नावापुरतं चालतं हे खरं, पण मग इंजिन दिवसा लावा. पण त्याने तुमचा वेग कसा काय माफ होतो?

जुना_खुंटा: दोघंही अर्धवट बोलताय. कायमची जागा नसलेल्या बोटीला १९९५ च्या कायद्याप्रमाणे साधारण १४ दिवसांत पुढे जावंच लागतं, म्हणजे आज ओरडणारा उद्या टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) असतोच. मागे वळून काठाकडे बघा, लाट फुटत असेल तर वेग जास्त, हिशोब संपला. आणि बोटीला ब्रेक नसतो, समोर आल्यावर थ्रॉटल ओढून उपयोग नाही, पहिल्या बोटीच्या बरंच आधी कमी करायचा, कारण तुमच्याबरोबर निघालेलं पाणी लगेच थांबत नाही. बांधणाऱ्यांनो, पुढचा आणि मागचा दोर सरळ काठाला न नेता तिरका न्या, जमलं तर एक उलट दिशेने स्प्रिंग, म्हणजे जास्तीचा दोर, लावा, बोट मागेपुढे पळत नाही. छतावरच्या मधल्या दोराने बोट बांधून ठेवणारे तर महान, तो वरून ओढतो, बोट कलंडते आणि शिव्या जाणाऱ्याला.

वारा_आडवा: +१, मधल्या दोराबद्दल. पण लॉकवरचं (बोट वरखाली नेणारा दारांचा हौद) पण लिहा कोणीतरी. समोरून बोट येताना दिसतेय, लॉक तिच्या बाजूने तयार आहे, तरी पॅडल (पाण्याची झडप) उघडून पाणी फिरवून घेणारे भेटतात. एका फेरीत लाखाहून जास्त लिटर वाया, वर समोरचा ताटकळतो तो वेगळाच.

टिलरवाला: त्यावर वेगळा धागा काढ. इथे मला एवढंच हवंय, रांग मैलभर असेल तर मैलभर सरपटायचं का?

काठावरची: हो. घाई असेल तर ट्रेन आहे.

टिलरवाला: हे उत्तर नाही झालं, टोमणा झाला.