लुईस कॅरलचा कॅमेरा
लुईस कॅरलला फक्त 'ॲलिस'वाला, म्हणजे 'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकाचा लेखक, म्हणतात ते मला अपुरं वाटतं, कारण हा माणूस ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये गणित शिकवायचा, खरं नाव चार्ल्स डॉजसन, आणि १८५६ ला कॅमेरा घेतला तो थेट १८८० पर्यंत फोटो काढत होता. तेव्हा फोटो म्हणजे केवढा खटाटोप! काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, मग ती काच प्रकाशाला संवेदनशील व्हावी म्हणून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ती ओली असतानाच फोटो काढून लगेच डेव्हलप करायची, वाळली की गेली कामातून, आणि समोरच्याने तोवर हलायचं नाही. अशा पद्धतीने त्याने कवी टेनिसन, अभिनेत्री एलेन टेरी यांचे पोर्ट्रेट काढलेत, जरूर बघा, फार सुंदर आहेत!