जीवशास्त्रात आधी काय घ्यावं?

प्रश्न: वैद्यकीय प्रवेश परीक्षा जवळ आलीये. वनस्पतींची कुळं आणि आनुवंशिकता, दोन्ही अर्धवट. आधी काय संपवू? फार दडपण आलंय.

उत्तर: आनुवंशिकता! दोन गुणधर्मांच्या संकरात दुसऱ्या पिढीत येणारं ९:३:३:१ हे प्रमाण घोकू नकोस, आईवडिलांची जनुकं आडवी-उभी लिहून चौकट मांड आणि स्वतः काढ. मग लाल-हिरव्या रंगांधतेचं उदाहरण घे. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून वडिलांकडून ते मुलीकडे जातं, मुलाकडे नाही. मुलाला त्यांच्याकडून वाय गुणसूत्र मिळतं. हे पक्कं झालं की वंशावळीचे बरेच तक्ते सुटतात. मी शिकवते, म्हणून खात्रीनं सांगतेय.

दुसरं उत्तर: सोबत शरीरक्रियाशास्त्रही घे. हृदयाचं एक चक्र साधारण ०.८ सेकंदांचं; त्यात कुठली झडप कधी मिटते ते आकृती काढून बघ.

प्रश्नकर्ता: मॅडम, मग कुळं?

उत्तर: रोज थोडी, पुष्पसूत्रं (फुलाची रचना चिन्हांत मांडणारी सूत्रं) लिहूनच. ती लवकर पुसली जातात, म्हणून शेवटच्या आठवड्यात पुन्हा.