नॅनोनळी वाकते कशी, हे शिकवायला फणी नको

हर्णैकर
विद्युत क्षेत्राने नॅनोनळी, म्हणजे कार्बनची केसापेक्षाही कितीतरी बारीक नळी, वाकते हे बारावीच्या मुलांना पटवायचं होतं. आमच्या शिक्षकमित्राने केसांवर घासलेली फणी नळाच्या बारीक धारेजवळ धरली. जुलै महिना, दापोलीची दमट हवा! प्रभार टिकला नाही, धार सरळच. माझं मत : फणी सोडा, होडीवरचा फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून मासे शोधणारं यंत्र, दाखवा. बंदरावरच्या पोरांना तो ठाऊक असतो. व्होल्टेज दिलं की त्यातली पिझो चकती फुगते-आकसते आणि पाण्यात ध्वनी जातो. हा गुण क्युरी बंधूंनी 1881 मध्ये प्रयोगाने दाखवला.

मालवणची मास्तरीण
दादा, उदाहरणच चुकलं. चकती आतून आकार बदलते. कार्बनची नळी बाहेरून ओढली जाते. 1999 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नळीला व्होल्टेज देऊन ती वाकताना पाहिली गेली. ओढ व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते, म्हणून धन द्या की ऋण, नळी त्याच बाजूला झुकते. चकतीचं तसं नाही, चिन्ह उलटलं की फुगायची ती आकसते. धारेजवळ रेशमावर घासलेली काच धरा. प्रभार उलटा, तरी धार जवळच येते. फणीच खरी!

हर्णैकर
ताई, नळीबाबत मान्य. पण फणीवर हजारो व्होल्ट असतात, नळीला थोडेच पुरतात. ते का, हे फणीतून कुठे कळतं?

रत्नांग्रीचो झील
मुख्य गोष्ट तीच. नळीऐवजी एक बारीक पट्टी धरा, तिच्यासमोर थोडी फट सोडून दुसरा पृष्ठभाग, आणि दोघांमध्ये व्होल्टेज. ओढ ठरते क्षेत्रफळ आणि विद्युत क्षेत्राचा वर्ग यांच्या गुणाकाराने. पट्टी आणि फट सगळ्या बाजूंनी दहापट लहान करा, व्होल्टेज तेच ठेवा. क्षेत्रफळ शंभरपट घटतं, पण विद्युत क्षेत्राचा वर्ग शंभरपट वाढतो. ओढ तेवढीच राहते. ताठपणा मात्र दहापट कमी होतो, वजन तर हजारपट. मग वाकणारच की! 100 नॅनोमीटरच्या फटीत 1 व्होल्ट म्हणजे मीटरला 1 कोटी व्होल्ट. मोकळ्या हवेत 30 लाखांच्या आसपास ठिणगी पडते. इथे पडत नाही, कारण धडकांवर धडका देत इलेक्ट्रॉनांचा लोंढा वाढवायला एवढ्याशा फटीत जागाच नसते. हे गणित फळ्यावरच मांडायला हवं, फणी असो की होडी.

मालवणची मास्तरीण
गणित हवंच, पण आधी डोळ्यांनी दिसू दे. पावसाळ्यात मी फणी आणि लोकर चुलीपाशी शेकून घेते, धार वाकते. आणि दमट हवेचा त्रास नॅनो पट्ट्यांनाही होतो : फटीत पाण्याचा पातळ थर धरला की पट्टी खालच्या पृष्ठभागाला चिकटून बसते. ते सांगायला आपल्या जुलैइतकी चांगली वेळ नाही.

हर्णैकर
शेकून करून बघतो. तरी फिश फाइंडर मी वगळणार नाही. विजेने घन वस्तू हलते हे पोरांना आधी त्यातूनच पटतं. चकती आणि नळी यांतला फरक मात्र त्याच तासाला सांगेन.