नाक घासू नका, लादी नीट पुसा

कुत्र्याच्या पिल्लाला शू बाहेर करायला कसं शिकवायचं, या चर्चेत कुणीतरी सुचवलंय की घरात शू केली की पिल्लाचं नाक त्यात घासायचं. कृपा करून करू नका. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे जाऊन उरकतं आणि बाहेर नेल्यावर तुमच्यासमोर करतच नाही. त्याच चर्चेतला, वेळापत्रक ठरवून बाहेर नेण्याचा मुद्दा मात्र पटला. उठल्यावर लगेच, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर 5 ते 30 मिनिटांत बाहेर. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोनेक तासांपेक्षा जास्त धरवत नाही, जागं असताना तर त्याहून कमी.

पुसण्याबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. सुगंधी फिनाइलने वास आपल्यापुरता झाकला जातो, पिल्लाच्या नाकाला नाही, आणि ते पुन्हा तिथेच येतं. अमोनियावालं क्लीनर तर नकोच, शूसारखाच वास. आधी कागदाने टिपा (घासलं की पसरतं), मग एन्झाइमवालं क्लीनर (शूतले वासाचे घटक तोडणारं) ओतून 10-15 मिनिटं ओलं राहू द्या. लगेच पुसलं तर एन्झाइमला कामाला वेळच मिळत नाही. गालिचा असेल तर खालच्या थरापर्यंत मुरू द्या. आणि बाहेर शू झाली की खाऊ तिथेच, दोन सेकंदांत. घरात येऊन दिला तर पिल्लाच्या लेखी तो घरात आल्याबद्दलचा.