ॲमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ : 'छोटाच तर डोस आहे' म्हणून सर्रास देणं बरोबर आहे का?

कडूकारलं :
झोप येत नाही, घ्या ॲमिट्रिप्टिलिन. मायग्रेन आहे, घ्या. पाय जळतात, घ्या. ही मुळात डिप्रेशनची, ट्रायसायक्लिक नावाच्या जुन्या गटातली गोळी आहे हे बऱ्याच पेशंटना कुणी सांगतच नाही, मग ते कधीतरी नेटवर वाचतात आणि घाबरून एका रात्रीत बंद करून टाकतात. माझं स्पष्ट मत, नुसत्या झोपेसाठी ही देऊच नये आणि 65 च्या पुढे तर हात आखडताच घ्यावा. तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं, उठताना बीपी पडून चक्कर, वर बुद्धीला गोंधळ. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो टाळायच्या औषधांची अमेरिकेत बीअर्स यादी आहे, त्यात ही आहे.

रातजागर :
अहो पण डोस तरी बघा! डिप्रेशनला 75 ते 150 मिग्रॅ लागतात, नसांच्या दुखण्याला बऱ्याचदा 10-25 वर भागतं, दोन्हीला एकच फूटपट्टी कशी लावता? डायबेटिसने ज्याचे तळपाय रात्रभर पेटलेले असतात त्याला विचारा. आणि 2023 मधे लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात ॲटलांटिस ट्रायल आली, इंग्लंडमधले आयबीएसचे (सतत पोट दुखणं-बिघडणं) 463 पेशंट, डोस 10 ते 30, फॅमिली डॉक्टरांकडचेच, डमी गोळीपेक्षा आराम जास्त पडला.

कडूकारलं :
त्याच ट्रायलमधे डोस कसा वाढवायचा कमी करायचा याचं पत्रक पेशंटच्या हातात दिलं होतं हे पण सांगा की. इथे चिठ्ठीवर 'रात्री 1', विषय संपला.

गोळीवाला :
काउंटरच्या आतून बघतो म्हणून बोलतो, तुम्ही दोघं नुसत्या मिग्रॅवर भांडताय, घोळ असतो सोबतच्या गोळ्यांचा. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर लिव्हरमधलं जे एन्झाइम ॲमिट्रिप्टिलिन मोडतं तेच अडतं आणि 25 घेणाऱ्याच्या रक्तात पातळी बरीच वर जाऊ शकते. कंबरदुखीला ट्रामाडॉल चालू असेल तर फिट येण्याचा आणि सेरोटोनिन सिंड्रोमचा (मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन घातक प्रमाणात वाढणं) धोका वाढतो, आणि या दोन गोळ्या देणारे डॉक्टर वेगवेगळे असतात, एकाला दुसऱ्याचं माहीतच नसतं. एमएओआय या डिप्रेशनच्याच दुसऱ्या जुन्या गटातलं औषध असेल तर मधे 14 दिवसांचं अंतर हवंच. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय त्याला देत नाहीत. आणि मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील त्याला एकदम महिन्याचा साठा देऊ नये, थोड्या थोड्या द्याव्या, घरच्या कुणाच्या तरी ताब्यात. जास्त पोटात गेली की हृदयाचे ठोके बिघडतात. लहान मुलांना तर एकदोन गोळ्याही महागात पडू शकतात, म्हणून कुलपात. चुकून गेलीच तर लक्षणांची वाट न बघता लगेच हॉस्पिटल.

रातजागर :
हे सगळं मान्य हो, पण म्हणून काय मायग्रेनच्या पंचविशीतल्या धडधाकट मुलीला पण ईसीजी काढायला लावणार?

गोळीवाला :
सगळ्यांना कोण म्हणतंय. हार्टचा त्रास, वय, डोस वाढवायचाय, अशांना. काचबिंदू आणि प्रोस्टेट मात्र प्रत्येकाला विचारावं, त्याला पैसे पडत नाहीत.

उगाचवाचक :
मी मानेच्या दुखण्यासाठी बरेच महिने घेतेय, आता हे वाचून आजपासून बंद करू का?

कडूकारलं :
ताई, नको! डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा, एकदम सोडली तर मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं असं होऊ शकतं. रातजागर, झोपेच्या मुद्द्यावर तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत.

रातजागर :
दुखण्यामुळे झोप उडालेली असेल तर एका गोळीत दोन्ही कामं होतात, तिथे मी हटणार नाही. नुसत्या झोपेसाठी वर्षानुवर्षं, ते नाही पटत मलाही.