विषय: गणपतीच्या प्रसादाचं तूप

प्रेषक: प्रसाद समिती
रविवार, २० जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

यंदा आपल्या ऑकलंडच्या मंडळाचा गणपती २७ ऑगस्टला. काल समितीची बैठक झाली आणि निम्मा वेळ तुपातच गेला. आपण दरवर्षी विकतचं तूप न आणता अनसॉल्टेड बटर कढवतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षी १२ किलो बटर लागलं होतं. न्यूझीलंड सरकारच्या आकड्यांप्रमाणे जूनमध्ये ५०० ग्रॅमची वडी सरासरी ८.६० डॉलरला पडली, वर्षभरात ४६ टक्क्यांहून जास्त वाढ. म्हणजे नुसत्या बटरचेच दोनशेच्या वर डॉलर.

बैठकीत दोन सूचना आल्या: शिऱ्यात निम्मं तेल घालायचं किंवा वर्गणी वाढवायची. शिऱ्यात तेल मला पटत नाही, प्रसाद आहे तो. आणि वर्गणी वाढवली तर आधी विद्यार्थी यायचे थांबतील. कुणाला तिसरा मार्ग दिसतो का?

– प्रसाद समितीसाठी

* * *

प्रेषक: टॉरबे
रविवार, २० जुलै २०२५

वहिनी, टॉरबेहून नमस्कार.

तेल नको, या मताशी मी शंभर टक्के सहमत. पण बैठकीत ‘सुपरमार्केटवाले लुटतात’ असं कुणीतरी म्हणालं म्हणे, त्यावर थोडं लिहितो. मी २००१ साली इथे आलो. त्याच वर्षी सहकारी दूध संघ आणि डेअरी बोर्ड एकत्र येऊन फॉन्टेरा ही दूध कंपनी झाली, त्यासाठी खास कायदा केला गेला. देशातलं बहुतेक दूध आजही तीच गोळा करते आणि त्यातला फार मोठा भाग परदेशी जातो. जगाच्या बाजारात बटरला जो भाव मिळतो, तोच आपल्यालाही मोजावा लागतो. ऐंशी टक्के फॅटची वडी बनवायला मलई लागते, आणि ती मलई सगळ्या जगाला हवी आहे. गावात दूध पिकतं म्हणून ते गावात स्वस्त, हा आपला कोल्हापूर-सांगलीचा हिशेब इथे चालत नाही. त्या दूधवाल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे.

तेव्हा यंदा वर्गणी पाच डॉलरने वाढवावी. विद्यार्थ्यांना जुनीच ठेवावी. फरक आम्ही जुने लोक भरू.

* * *

प्रेषक: सँड्रिंगहम
सोमवार, २१ जुलै २०२५

काका, सँड्रिंगहमहून नमस्कार. बटरपुरतं तुमचं बरोबर आहे. पण विषय तिथेच सोडून देऊ नका.

माझी इथे डेअरी आहे. (नवीन आलेल्यांसाठी: कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला इथे डेअरी म्हणतात.) पॅक-अँड-सेव्ह, न्यू वर्ल्ड, फोर स्क्वेअर या दुकानांच्या तिन्ही पाट्या फूडस्टफ्स या समूहाच्या. वूलवर्थ्स, फ्रेशचॉइस, सुपरव्हॅल्यू या वूलवर्थ्सच्या. मंडळ ज्या गिल्मर्समधून रवा-साखर घाऊक घेतं, तेही फूडस्टफ्सचंच. पाट्या मोजायच्या तर एक हात पुरत नाही, घरं मात्र दोनच.

डाळ-तांदूळ, पोहे, मसाले मी आयातदारांकडून घेतो. तिथे बरेच जण आहेत. एकाने तूरडाळ महाग लावली की मी दुसऱ्याला फोन करतो, आणि पहिला दुपारपर्यंत भाव उतरवतो. हे मी दर महिन्याला अनुभवतो. दूध, अंडी, साखर यांच्यासाठी फोन करायला दुसरा कुणी नाही. कित्येकदा सुपरमार्केटच्या स्पेशलचा भाव मला मिळणाऱ्या घाऊक भावापेक्षा कमी असतो. मग मी दुकानदार असून गिऱ्हाइकासारखा ट्रॉली घेऊन रांगेत उभा राहतो. त्यावर चार पैसे चढवून विकायचं, तर समोरच्या आजी म्हणणार, ‘काय रे, तूही महागलास!’

कॉमर्स कमिशनने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२२च्या मार्चमध्ये अहवाल दिला. या दोन घरांना दिवसाला सुमारे दहा लाख डॉलर जास्तीचा नफा होतो, असं त्यात आहे. नवीन दुकान उभं राहू नये म्हणून जमिनीच्या कागदांत अटी घालून ठेवलेल्या सापडल्या. त्याच वर्षी कायदा करून त्या अटी मोडीत काढल्या. २०२३मध्ये किराणा कायदा आला, किराणा आयुक्त नेमला. मागच्या ऑक्टोबरमध्ये कमिशनने फूडस्टफ्सच्या उत्तर आणि दक्षिण बेटांवरच्या दोन संस्थांना एकत्र यायला परवानगी नाकारली. कारण माल पिकवणाऱ्याला आज तीन मोठी गिऱ्हाइकं आहेत (फूडस्टफ्सच्या या दोन संस्था आणि वूलवर्थ्स), ती दोन उरली असती. हा निर्णय वाचून मी दुकानात एकटाच टाळी वाजवली होती.

आता अंडी. २०२३च्या जानेवारीत फळ्या रिकाम्या झाल्या, दुकानात माणशी एक डझनाची मर्यादा लागली, तेव्हा सगळे म्हणाले, सरकारने कोंबड्यांच्या छोट्या पिंजऱ्यांवर बंदी घातली म्हणून. पण ती बंदी २०१२ पासून ठरलेली होती. पोल्ट्रीवाल्यांना तयारीला दहा वर्षं होती आणि त्यांनी केलीही. कर्ज काढून मोठे ‘कॉलनी’ पिंजरे बांधले, कायद्याला ते चालत होते. मग दोन्ही घरांनी जाहीर केलं की काही वर्षांनी कॉलनीचीही अंडी घेणार नाही. माल घेणारं तिसरं मोठं घर नाही, तर पोल्ट्रीवाल्याने नवे पिंजरे कुणाच्या भरवशावर बांधायचे? कित्येकांनी धंदाच सोडला. कोंबड्यांच्या दृष्टीने निर्णय चांगला असेल, त्याला माझा विरोध नाही. पण दोन कार्यालयांत ठरलं आणि अख्ख्या देशाच्या ताटातून अंडं गेलं, हे मी माझ्या काउंटरवर उभं राहून पाहिलं.

त्याच वर्षीची रताळी आठवतात? फेब्रुवारीत गॅब्रिएल वादळ आलं. देशातली बहुतेक रताळी डार्गविलच्या आसपास पिकतात, ती शेतं काढणीच्या तोंडावर पाण्याखाली गेली. वादळाचा दोष कुणावर घालणार? पण एकाच मुलखावर सगळी भिस्त असली की असंच होतं. आषाढी २९ जूनला होती. एक आजी उपासाला रताळी घ्यायला आल्या, दोन हातात घेतली, दर विचारला, आणि एक परत ठेवलं. मी ते पैसे न घेता पिशवीत टाकलं, तर त्यांनी घेतलं नाही. तो प्रसंग अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून काका, वर्गणी वाढवा, माझी हरकत नाही. पण ‘जगाचा भाव आहे’ म्हणून गप्प बसणं मला जमत नाही.

* * *

प्रेषक: टॉरबे
सोमवार, २१ जुलै २०२५

तुझं पत्र दोनदा वाचलं. अंड्यांची ही बाजू मला खरंच ठाऊक नव्हती. मीही सरकारलाच बोल लावत होतो.

एक भर घालतो. २०२१ साली ऑकलंडमध्ये ‘सुपी’ नावाचं ऑनलाइन किराणा दुकान निघालं होतं. मी आणि तुझ्या काकू सुरुवातीपासून त्यांच्याकडून घ्यायचो. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ते बंद पडलं. तिसरा कुणी उभा राहायला गेला की किती पैसा आणि दम लागतो, ते तेव्हा कळलं. यंदा मार्चमध्ये सरकारने नव्या साखळीला इथे यायला काय अडतं याची माहिती मागवली, तेव्हा मी काही लिहिलं नाही याचं आता वाईट वाटतं. पुढच्या वेळी आपण दोघं मिळून लिहू. दुकानातलं तू सांग, इंग्रजी मी बघतो.

* * *

प्रेषक: विद्यार्थी, माउंट रॉस्किल
सोमवार, २१ जुलै २०२५

आम्ही फ्लॅटमधले चौघं. वर्गणी जुनी ठेवल्याबद्दल आभार. आमच्याकडे पैसे कमी आहेत, पण हात आठ आहेत. तूप कढवायला, भांडी घासायला, काय म्हणाल ते.

* * *

प्रेषक: प्रसाद समिती
मंगळवार, २२ जुलै २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: वर्गणी काकांनी सुचवल्याप्रमाणे, तेल नाही. वेस्टगेटच्या कॉस्टको या घाऊक दुकानात बटर स्वस्त मिळतं, पण रांग मोठी असते आणि शनिवारी दुपारपर्यंत फळी रिकामी होते, म्हणून सकाळी लवकर जायचं. सँड्रिंगहमहून एक गाडी येते आहे, अजून एक हवी. कॉस्टकोचं सभासद कार्ड कुणाकडे आहे ते कळवा.

कढवायचं रविवारी, हॉलच्या स्वयंपाकघरात. चौघंही या, ढवळायला माणसं लागतातच. मोठं जाड बुडाचं पातेलं मागच्या वर्षी कुणाच्या तरी घरी राहिलंय, ते शोधा. आणि विड्याची पानं कुणाकडे मिळतील? शेवटी एक पान टाकल्याशिवाय तुपाला तो वास येत नाही.